हेर्मान फ्योटिंगर

हेर्मान फ्योटिंगर (९ फेब्रुवारी, १८७७ - २८ एप्रिल, १९४५) हे जर्मन अभियंते, संशोधक आणि प्राध्यापक होते. स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारगाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे आणि त्याच तत्त्वावर चालणाऱ्या द्रव जोडाचे (फ्लुइड कपलिंगचे) ते जनक मानले जातात. हे दोन्ही शोध त्यांनी मोटारींसाठी नव्हे, तर वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजांसाठी लावले होते. जहाजबांधणीत त्यांचे यंत्र फार काळ टिकले नाही. मात्र जमिनीवरील वाहनांमध्ये त्याचा प्रसार जगभर झाला. द्रवगतिकी, विशेषतः भोवऱ्यांचा अभ्यास, या विषयातही त्यांनी महत्त्वाचे काम केले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे आहेत.

जन्म व शिक्षण

फ्योटिंगर यांचा जन्म बव्हेरियातील न्युर्नबर्ग येथे झाला. १८९५ ते १८९९ या काळात त्यांनी म्युनिक येथील तंत्रशास्त्राच्या उच्च विद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. त्यांचे पुढील सर्व कार्य जहाजे आणि द्रवयंत्रे यांच्याशी संबंधित असले, तरी मूळ शिक्षण विजेच्या यंत्रांचे होते. टॉर्क कन्व्हर्टरच्या कल्पनेमागे हे शिक्षण होते, हे पुढील हकिकतीवरून दिसून येते.

श्टेटिन येथील कार्य

शिक्षण पूर्ण होताच १८९९ मध्ये फ्योटिंगर श्टेटिन (आताचे पोलंडमधील श्चेचिन) येथील व्हुल्कान या जहाजबांधणी कंपनीत रुजू झाले. अटलांटिक महासागर वेगाने पार करणारी मोठी प्रवासी जहाजे बांधण्यासाठी ही कंपनी त्या काळी प्रसिद्ध होती. ही जहाजे दट्ट्याच्या वाफेच्या इंजिनांवर चालत. याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेचे टर्बाइन जहाजांवर आणले होते आणि युरोपातील सर्व जहाजबांधणी कंपन्यांना या नव्या यंत्राची दखल घ्यावी लागत होती.

फ्योटिंगर यांच्यापुढील पहिला प्रश्न मोजमापाचा होता. दट्ट्याच्या इंजिनाची शक्ती सिलिंडरमधील वाफेचा दाब नोंदवून काढता येत असे. टर्बाइनला सिलिंडर नसतो, त्यामुळे ही पद्धत तेथे निरुपयोगी ठरते. शिवाय सिलिंडरमधील दाबावरून काढलेली शक्ती आणि जहाजाच्या पंख्यापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी शक्ती यांत घर्षणामुळे फरक पडतो. फ्योटिंगर यांनी यावर वेगळा उपाय योजला. इंजिनाकडून पंख्याकडे जाणाऱ्या पोलादी दांड्याला शक्ती वाहून नेताना किंचित पीळ बसतो. हा पीळ अत्यंत सूक्ष्म असला, तरी तो दांड्याला फिरवणाऱ्या जोराच्या, म्हणजे टॉर्कच्या प्रमाणात असतो. पीळ मोजला की टॉर्क कळतो आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती कळते. या तत्त्वावर त्यांनी पीळमापक यंत्र तयार केले आणि ते जहाजांवर वापरून पाहिले. यंत्राची प्रत्यक्ष शक्ती व टॉर्क यांच्या मापनावरील प्रबंधासाठी १९०४ मध्ये त्यांना म्युनिक येथून डॉक्टरेट मिळाली.

टॉर्क कन्व्हर्टरचा शोध

टर्बाइन आणि पंखा यांचा मेळ

वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते तेव्हाच त्याची कार्यक्षमता चांगली असते. याउलट जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच तो पाण्याला नीट ढकलतो. फार वेगाने फिरल्यास त्याच्या पात्यांवर पाण्याच्या वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि शक्ती वाया जाते. दोघांना एकाच दांड्यावर थेट जोडल्यास कोणाला तरी गैरसोयीच्या वेगाने फिरावे लागते. दुसरी अडचण अशी की टर्बाइन एकाच दिशेने फिरते. जहाज मागे घेण्यासाठी वेगळे उलटे टर्बाइन बसवावे लागे आणि ते बाकीचा सर्व वेळ निरुपयोगी फिरत राही.

त्या काळात इतकी मोठी शक्ती पेलू शकतील अशी अचूक दातांची दंतचक्रे बनवणे शक्य होईल, यावर अनेक अभियंत्यांचा विश्वास नव्हता. विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या फ्योटिंगर यांनी प्रथम विजेचा मार्ग तपासला. टर्बाइनने जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारीने पंखा फिरवायचा, अशी ती योजना होती. परंतु ही यंत्रे जड आणि महाग ठरत होती. तेव्हा त्यांनी विजेऐवजी पाणी वापरण्याचा विचार केला. जनित्राच्या जागी पंप आणि मोटारीच्या जागी जलटर्बाइन बसवले, तर पंपाने फेकलेले पाणी जलटर्बाइनला फिरवील आणि परत पंपाकडे येईल.

नळ्यांचा त्याग

पंप आणि जलटर्बाइन वेगवेगळे ठेवून नळ्यांनी जोडले, तर बरीच शक्ती वाया जाते. समजा, प्रत्येक यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के आहे. तर दोन्ही मिळून केवळ ६४ टक्के शक्ती पलीकडे पोहोचते आणि नळ्यांतील घर्षणाचा तोटा वेगळाच. या तोट्याचा मोठा भाग चक्रांमध्ये नव्हे, तर पंपातून वेगाने बाहेर पडणारे पाणी शंखाकृती कोशात मंद करणे, नळीतून नेणे आणि जलटर्बाइनपाशी पुन्हा वेगवान करणे यात होतो, हे फ्योटिंगर यांनी ओळखले. त्यांनी कोश आणि नळ्या पूर्णपणे काढून टाकल्या आणि पंपाचे चक्र, टर्बाइनचे चक्र व पाण्याला दिशा देणारी स्थिर पाती एकाच बंद पेटीत समोरासमोर बसवली. पंपातून निघालेले पाणी त्याच वेगात लगेच टर्बाइनच्या पात्यांवर पडू लागले. २४ जून, १९०५ रोजी या रचनेसाठी त्यांनी जर्मन पेटंटाचा अर्ज केला. स्थिर पाती असलेला टॉर्क कन्व्हर्टर आणि ती नसलेला साधा द्रव जोड या दोन्ही गोष्टींचे मूळ या कल्पनेत आहे.

कार्यपद्धती

फ्योटिंगर यांच्या तत्त्वावर चालणाऱ्या आजच्या मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पाण्याऐवजी तेल असते आणि त्याचे तीन मुख्य भाग असतात. पंपचक्र इंजिनाला जोडलेले असते व इंजिनाबरोबरच फिरते. टर्बाइनचक्र गिअरपेटीकडे जाणाऱ्या दांड्यावर बसवलेले असते. या दोहोंच्या मध्ये स्टेटर नावाचे लहान चक्र असते. पंपचक्र आणि टर्बाइनचक्र यांच्यात कोणतीही घट्ट जोडणी नसते. शक्ती फक्त तेलातून जाते.

पंपचक्र फिरू लागले की तेल मध्याकडून कडेकडे फेकले जाते आणि फिरण्याच्या दिशेतील वेग घेऊन टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. टर्बाइनची वक्र पाती तेलाची दिशा बदलतात आणि त्या बदलाची प्रतिक्रिया म्हणून टर्बाइन फिरते. गाडी थांबलेली किंवा सावकाश चाललेली असेल, तेव्हा टर्बाइनमधून बाहेर पडणारे तेल उलट दिशेने वळलेले असते. ते तसेच पंपात शिरले तर पंपाच्या फिरण्याला विरोध करील. स्टेटरची पाती या तेलाला पुन्हा सुलट दिशेला वळवतात. तेल वळवताना स्टेटरवर जो जोर पडतो, तो गिअरपेटीच्या स्थिर कवचाकडून पेलला जातो.

टॉर्क वाढण्याचे रहस्य या स्थिर आधारात आहे. तेलाच्या बंद फेऱ्यात जितका टॉर्क आत येतो तितकाच बाहेर जावा लागतो. म्हणून टर्बाइनला मिळणारा टॉर्क हा पंपाने दिलेला टॉर्क आणि स्टेटरने दिलेला टॉर्क यांची बेरीज असतो. इंजिनाने २०० न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि स्टेटरवर तितकाच टॉर्क पडला, तर टर्बाइनला ४०० न्यूटन-मीटर मिळतो. जमिनीत टेकवलेल्या खुंटीचा आधार घेऊन पहारीने दगड हलवावा, त्याप्रमाणे येथे स्टेटर आधार देतो. स्टेटर काढून टाकल्यास आत आलेला टॉर्क जसाच्या तसा बाहेर पडतो, वाढत नाही. अशा दोन चक्रांच्या यंत्राला द्रव जोड म्हणतात.

टॉर्क वाढला म्हणून शक्ती वाढत नाही. गाडी जागेवर असताना टर्बाइनचा वेग शून्य असतो. त्यामुळे टॉर्क सर्वाधिक असूनही बाहेर पडणारी शक्ती शून्य असते आणि इंजिनाची सर्व शक्ती तेल तापवण्यात जाते. मोटारींमध्ये या स्थितीत टॉर्क साधारणपणे दुप्पट ते अडीचपट होतो. टर्बाइनचा वेग वाढत जातो तशी ही वाढ कमी होते. टर्बाइनचा वेग पंपाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के झाला, की टर्बाइनमधून निघणारे तेल स्टेटरच्या पात्यांवर मागच्या बाजूने आदळू लागते. या वेळी स्टेटर जखडलेला राहिला तर तो अडथळा ठरतो. म्हणून तो एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर बसवतात. तेल मागून आदळताच स्टेटर मोकळा होऊन तेलाबरोबर फिरू लागतो आणि यंत्र साध्या द्रव जोडासारखे काम करते. ही सुधारणा फ्योटिंगर यांची नसून ती पुढे १९२८ मध्ये कार्लस्रुहे येथील श्पानहाके, क्लुगे आणि फॉन झांडेन यांच्या ट्रिलोक गटाने केली.

पंपाने ग्रहण केलेला टॉर्क त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन मंद चालू असताना तेलातून जाणारा टॉर्क अल्प असतो, म्हणून ब्रेक दाबून गाडी उभी ठेवता येते आणि इंजिन बंद पडत नाही. ब्रेक सोडताच गाडी हळूहळू पुढे सरकू लागते, तीही याच कारणाने.

जहाजांवरील वापर

व्हुल्कान कंपनीने १९०९ मध्ये फ्योटिंगर यांचे यंत्र बसवलेली एक चाचणी नौका पाण्यात सोडली. जहाजांसाठीच्या या यंत्रात पुढे जाण्यासाठी एक आणि मागे जाण्यासाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र जलपेट्या होत्या. एक पेटी रिकामी करून दुसरी भरली की टर्बाइन त्याच दिशेने फिरत असतानाही पंखा उलटा फिरू लागे. उलट्या टर्बाइनची गरज त्यामुळे संपली. तोट्यामुळे तापलेले पाणी बॉयलरकडे वळवून त्यातील उष्णतेचाही उपयोग करून घेतला जात असे.

हँबर्ग ते हेल्गोलँड या मार्गासाठी १९१३ मध्ये बांधलेल्या क्योनिगिन लुइझं या प्रवासी जहाजावर हे यंत्र बसवण्यात आले. पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मन नौदलाने या जहाजाचे रूपांतर सुरुंग पेरणाऱ्या जहाजात केले. ५ ऑगस्ट, १९१४ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सुरुंग पेरत असताना ब्रिटिश युद्धनौकांनी ते बुडवले. या कारवाईत भाग घेतलेली ॲम्फियन ही ब्रिटिश युद्धनौका दुसऱ्या दिवशी त्याच सुरुंगांपैकी एकावर आदळून बुडाली.

श्टेटिन येथे बांधलेल्या टिर्पिट्झ या मोठ्या प्रवासी जहाजावरही फ्योटिंगर यांची यंत्रे होती. डिसेंबर १९१३ मध्ये ते पाण्यात सोडले गेले, परंतु युद्धामुळे त्याचे काम रखडले. युद्धानंतर ते ब्रिटनच्या ताब्यात गेले आणि कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने ते विकत घेऊन त्याचे नाव एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया असे ठेवले. १ सप्टेंबर, १९२३ रोजी जपानमध्ये झालेल्या भीषण भूकंपाच्या वेळी हे जहाज योकोहामा बंदरात होते आणि त्याने असंख्य आपद्ग्रस्तांना आश्रय दिला. मात्र त्याची यंत्रसामग्री समाधानकारक ठरली नाही. १९२६-२७ मध्ये ती काढून ग्लासगो येथे दंतचक्रांनी जोडलेली टर्बाइने बसवण्यात आली.

दंतचक्रांशी स्पर्धा

फ्योटिंगर यांचे यंत्र ज्या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आले होते, ती अडचण काही वर्षांतच दूर झाली. पार्सन्स यांनी व्हेस्पेशियन या जुन्या मालवाहू जहाजावर १९१० च्या सुमारास दंतचक्रांसह टर्बाइन चालवून दाखवले. अचूक दात कापण्याचे तंत्र सुधारताच मोठ्या शक्तीची दंतचक्रे बनू लागली. दंतचक्रांतून सुमारे ९८ टक्के शक्ती पंख्यापर्यंत पोहोचते. पाण्याच्या कन्व्हर्टरमध्ये सुमारे दहा टक्के किंवा त्याहून अधिक शक्ती वाया जात असे. दिवसेंदिवस एकाच वेगाने समुद्र कापणाऱ्या जहाजाच्या कोळशाच्या खर्चात हा फरक मोठा ठरतो. परिणामी जहाजांच्या मुख्य यंत्रांतून टॉर्क कन्व्हर्टर मागे पडला.

द्रव जोडाला मात्र जहाजांवर पुन्हा स्थान मिळाले. व्हुल्कानच्या हँबर्ग येथील कारखान्यात गुस्टाव्ह बाउअर यांनी १९२० च्या दशकात डिझेल इंजिन आणि दंतचक्रे यांच्यामध्ये तो बसवला. डिझेल इंजिनाचे हिसके तेलात शोषले जात असल्यामुळे दंतचक्रांचे दात सुरक्षित राहिले.

अध्यापन व संशोधन

१९०९ मध्ये फ्योटिंगर यांनी उद्योग सोडून डान्झिग (आताचे पोलंडमधील गदान्स्क) येथील तंत्रशास्त्राच्या उच्च विद्यालयात प्राध्यापकपद स्वीकारले. तेथे त्यांनी द्रवगतिकीची संशोधन संस्था उभारली. १९२४ मध्ये ते बर्लिन-शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रशास्त्राच्या उच्च विद्यालयात द्रवभौतिकी व टर्बोयंत्रे या विषयाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. भोवऱ्यांचे स्वरूप, जहाजाच्या पंख्याभोवतीचा प्रवाह, पात्यांवर बुडबुडे तयार होऊन होणारी झीज आणि प्रवाह डोळ्यांना दिसेल अशा प्रयोगपद्धती हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

जमिनीवरील वाहनांत प्रसार

समुद्रावर दोष ठरलेली गोष्ट रस्त्यावर तितकी जाचक नव्हती. शहरातील मोटारगाडी किंवा बस सतत थांबते आणि निघते. तिला निघताना अधिक टॉर्क, हिसक्याशिवाय सुरुवात आणि इंजिन बंद न पडणे या गोष्टी हव्या असतात. हेरल्ड सिंक्लेअर यांनी इंग्लंडमध्ये द्रव जोडाचा वापर वाहनांसाठी सुरू केला आणि १९३० मध्ये डेमलर कंपनीने तो आपल्या गाड्यांत आणला. स्वीडनचे आल्फ ल्युसहोल्म यांच्या रचनेचे टॉर्क कन्व्हर्टर १९३० च्या दशकात लेलँडच्या बसगाड्यांत बसवले गेले. जर्मनीत हायडेनहाइम येथील फॉइथ कंपनीने याच तत्त्वावर रेल्वेसाठी यंत्रे बनवली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांमध्ये द्रव जोड असलेली हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअरपेटी दिली.

ब्युइक कंपनीची टॉर्क कन्व्हर्टर असलेली डायनाफ्लो गिअरपेटी १९४८ मध्ये बाजारात आली. १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीने ठरावीक वेगानंतर पंपचक्र व टर्बाइनचक्र यांना घट्ट जोडणारा क्लच आणला. या क्लचमुळे तेलातील घसरणीचा तोटा थांबतो; आज बहुतेक सर्व स्वयंचलित गाड्यांत तो असतो. ज्या तोट्यामुळे फ्योटिंगर यांचे यंत्र जहाजांवरून काढले गेले, त्यावरचा हा उपाय त्यांच्या मृत्यूनंतर आला.

भारतातील वापर

भारतात या तत्त्वाचा ठळक वापर प्रथम रेल्वेत झाला. अभियंता मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी विकसित केलेली द्रवीय पारेषण यंत्रणा सुरी ट्रान्समिशन या नावाने ओळखली जाते. सुरी यांना १९६२ मध्ये अभियांत्रिकीसाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. या यंत्रणेचे उत्पादन पुण्यातील हडपसर येथील किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने केले आणि ती चित्तरंजन येथे बनलेल्या शंटिंग इंजिनांवर बसवण्यात आली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात टॉर्क कन्व्हर्टरचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे लोकभाषेत जेसीबी म्हटले जाणारे खोदाई व भरणी यंत्र होय. बंधारे, शेततळी, रस्ते आणि विहिरींच्या कामांवर दिसणारे हे यंत्र मुरुमाच्या ढिगात आपले पुढचे सूप घुसवते, तेव्हा चाके जवळजवळ थांबतात, परंतु इंजिन बंद पडत नाही. चाके थांबलेली असतानाच टर्बाइनवरील टॉर्क सर्वाधिक असतो आणि त्याच जोरावर सूप भरले जाते. त्यानंतर चालकाला क्लच न दाबता यंत्र वारंवार मागे-पुढे नेता येते. अशा कामात तेल लवकर तापते. म्हणून ते थंड करणारी जाळी स्वच्छ ठेवणे आणि तेलाची पातळी योग्य राखणे आवश्यक असते.

मृत्यू

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्याने बर्लिनला वेढा घातला. शहरातील लढाई सुरू असताना २८ एप्रिल, १९४५ रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून फ्योटिंगर यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते. चार दिवसांनी, २ मे रोजी, बर्लिनमधील जर्मन सैन्याने शरणागती पत्करली. युद्धानंतर श्टेटिन आणि डान्झिग ही त्यांच्या कार्याची दोन्ही शहरे पोलंडमध्ये समाविष्ट झाली.

वारसा

बर्लिनच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातील द्रवगतिकी संस्थेला फ्योटिंगर यांचे नाव देण्यात आले. जर्मन भाषेत टॉर्क कन्व्हर्टर आणि द्रव जोड यांना त्यांच्याच नावाने ओळखण्याची पद्धत आहे. इतर भाषांमध्ये यंत्राचे नाव रूढ झाले, संशोधकाचे नाही. मोटारी, बसगाड्या, रेल्वे इंजिने, खाणीतील अवजड वाहने आणि बांधकामाची यंत्रे यांत आजही पंपचक्र, टर्बाइनचक्र आणि स्टेटर ही १९०५ च्या अर्जातील मूळ मांडणी कायम आहे.

हे सुद्धा पहा

टॉर्क
द्रव जोड
वाफेचे टर्बाइन
स्वयंचलित गिअरपेटी
चार्ल्स पार्सन्स